साधनचिकित्सा
इतिहासाचे साधन म्हणून पुढे आलेला कागद कितपत विश्वसनीय आहे, हे ठरवण्याची रीत. कागद अस्सल की बनावट, हे बहिरंग परीक्षणात ठरते. अस्सल कागदातला मजकूर खरा आहे का, हे अंतरंग परीक्षणात. महाराष्ट्रात ही शिस्त मुख्यतः वि. का. राजवाडे यांनी रुजवली. वाईत हाती आलेल्या पेशवेकालीन पत्रांतून त्यांच्या साधनसंग्रहाचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला व त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झडती घेतली.

बहिरंग परीक्षणात हस्ताक्षर, शिक्का व मोर्तब पाहतात. पण बनावट कागद बहुधा कालगणनेत पकडला जातो. मराठी कागदांत शुहूर सन ही जुनी कालगणना अरबी संख्याशब्दांत येते. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून इसवी सन काढताना मृग ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारीनंतर पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१; पानिपतच्या लढाईचा जानेवारी १७६१ याच सनात पडतो. पुढे तिथी आणि वार जुळतात का, हे पंचांगावरून ताडतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून (१६७४) सुरू झालेला राज्याभिषेक शक घातलेला कागद १६७४ पूर्वीचा म्हणून कोणी पुढे केला, तर आणखी तपासण्याची गरजच उरत नाही.

शिवजन्मतिथीचा वाद हे याचे ठळक उदाहरण. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर (साताऱ्यात, सुमारे १८१०) शके १५४९ (इ. स. १६२७), वैशाख शुद्ध २ ही तिथी देते. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात असलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकारी-इतिहासकारानेही १६२७ हेच साल धरले. एकाच्या जोडीला दुसरा आला, म्हणून पुरावा दुप्पट झाला असे नव्हे. दोन्ही लेखन घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाने झालेले. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेली जेधे शकावली (जेधे घराण्याकडील तिथीवार घटनांची नोंद) मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असे नोंदवते. तिथी-वाराचा मेळ बसतो आणि ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्याचाही दुजोरा मिळतो. ही तिथी (१९ फेब्रुवारी १६३०) अधिक ग्राह्य वाटते. राज्य शासनाने ती २००१ मध्ये स्वीकारली. वैशाखातली तिथी मानणारे अभ्यासकही होऊन गेले.

बखरी यामुळे निरुपयोगी ठरत नाहीत. दरबारी रीतिरिवाज व भाषा यांसाठी त्या वाचाव्याच लागतात, सनावळीसाठी नव्हे.

साधनसंग्रहाचे असेच काम सांगली भागात झाले: वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला.