मॅकिनॉ सेंटर फॉर पब्लिक पॉलिसी

मॅकिनॉ सेंटर फॉर पब्लिक पॉलिसी : अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणारी धोरण-अभ्यास संस्था. स्थापना १९८७. मुख्यालय मिडलंड या छोट्या शहरात, एकेकाळच्या वूलवर्थ दुकानाच्या इमारतीत. डाऊ केमिकल कंपनीचे गाव म्हणून मिडलंड ओळखले जाते. कमी कर, मर्यादित सरकार, शाळा निवडण्याचे पालकांचे स्वातंत्र्य आणि युनियनचे सभासदत्व ऐच्छिक असणे, या भूमिका संस्थेने सुरुवातीपासून धरल्या आहेत. राज्य पातळीवरच्या अशा थिंक टँकांमध्ये तिची गणना सर्वांत प्रभावी संस्थांत होते.

अमेरिकेत शाळांचा खर्च, राज्य व स्थानिक कर, व्यवसायाचे परवाने, सरकारी नोकरांच्या युनियनचे नियम हे सारे प्रामुख्याने राज्यांच्या हाती असते. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये १९७३ साली हेरिटेज फाउंडेशन ही याच विचाराची धोरण-अभ्यास संस्था उभी राहिल्यावर तसेच काम राज्यांच्या राजधान्यांतही व्हावे, हा विचार पुढे आला. शिकागोत १९८४ साली हार्टलँड इन्स्टिट्यूट, पुढच्या वर्षी कोलोरॅडोत इंडिपेंडन्स इन्स्टिट्यूट, १९८६ मध्ये साउथ कॅरोलायना पॉलिसी कौन्सिल अशा संस्था निघाल्या. साउथ कॅरोलायनाचे उद्योजक टॉमस रो यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये या संस्थांना जोडणारे ‘स्टेट पॉलिसी नेटवर्क’ स्थापन झाले.

मिशिगनमध्ये या विचाराला जमीन अनुकूल होती असे म्हणता येणार नाही. १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंटमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यांत कामगारांनी यंत्रांजवळच ठिय्या मांडला आणि मोटार कामगारांच्या ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या युनियनला मान्यता मिळवून घेतली. तेव्हापासून हे राज्य कामगार चळवळीचा गड मानले जाई. अशा ठिकाणी युनियनच्या अधिकारांना आव्हान देणारी संस्था काढणे म्हणजे सुरुवातीची अनेक वर्षे कोणी ऐकणार नाही हे धरूनच चालणे होते. पहिले अध्यक्ष लॉरेन्स रीड हे मिडलंडच्या नॉर्थवुड संस्थेत अर्थशास्त्र शिकवलेले. ते २००८ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर ही जबाबदारी जोसेफ लेहमन यांच्याकडे आली.

संस्थेचे नाव मिशिगनबाहेर पोचले ते मात्र जोसेफ ओव्हर्टन यांच्यामुळे. डाऊमध्ये अभियंता म्हणून काम केलेले ओव्हर्टन १९९० च्या दशकात इथे वरिष्ठ उपाध्यक्ष होते. देणगीदारांना संस्थेचे काम समजावून सांगताना त्यांच्यापुढे एकच प्रश्न वारंवार येई : निवडणूक लढवायची नाही, कोणाचा प्रचार करायचा नाही, मग तुम्ही नेमके करता काय? त्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचे एक माहितीपत्रक बनवले. त्यात एखाद्या विषयावरची शक्य तितकी सगळी धोरणे एका उभ्या पट्टीवर, सरकारचे नियंत्रण सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अशा क्रमाने लिहिलेली असत, आणि त्या पट्टीवर वरखाली सरकणारी एक खिडकी असे. खिडकीत दिसतील तेवढीच धोरणे राजकारणी उघडपणे मांडू शकतो. बाकीची मांडली तर खुर्ची जाते. शालेय शिक्षणाचे उदाहरण घेतले तर पट्टीच्या एका टोकाला सरकारी शाळाच नसणे, दुसऱ्या टोकाला सक्तीने सरकारी शाळेतच पाठवणे, आणि मधे खासगी शाळा, घरी शिकवणे, चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) वगैरे. खिडकी सरकवतो तो समाज, आमदार नव्हे. थिंक टँकचे काम समाजाचे मत बदलण्याचे, हा ओव्हर्टन यांचा मुद्दा. ३० जून २००३ रोजी छोट्या विमानाच्या अपघातात वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी या कल्पनेला ‘ओव्हर्टन विंडो’ हे नाव दिले ते त्यानंतर. आज ही संज्ञा डावे-उजवे सगळेच वापरतात, पण बहुतेक वेळा ‘टोकाचे बोलून खिडकी ओढा’ अशा अर्थाने. ओव्हर्टन यांनी डावपेच शिकवला नव्हता. राजकारणी कोणत्या मर्यादेत वागतात याचे ते वर्णन होते, आणि हा फरक लक्षात ठेवायला हवा.

अहवाल आणि भाषणे यांपुरते काम कधीच थांबले नाही. विधिमंडळातील प्रत्येक विधेयक साध्या भाषेत सांगणारे आणि कोणत्या सदस्याने कसे मत दिले ते दाखवणारे ‘मिशिगनव्होट्स’ हे संकेतस्थळ संस्थेने २००१ मध्ये सुरू केले. विरोधकांनाही ते उपयोगी पडते. ‘मिशिगन कॅपिटल कॉन्फिडेन्शियल’ ही वृत्तसेवा आहे. इतर राज्यांतल्या व देशांतल्या संस्थाचालकांना प्रशिक्षणही दिले जाते. याला एका बाहेरच्या कारणाचीही साथ मिळाली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने मिशिगनच्या आमदारांना खालच्या सभागृहात सहा आणि वरच्या सभागृहात आठ वर्षांची मर्यादा घातली. विषय समजेपर्यंत मुदत संपायची, आणि तयार अभ्यास हातात देणाऱ्या संस्थेचे वजन आपोआप वाढायचे. ही मर्यादा २०२२ मध्ये बदलण्यात आली.

२००९ मध्ये संस्थेने न्यायालयीन शाखा काढली. तिचा पहिलाच खटला लक्षात राहण्यासारखा आहे. घरात चार-सहा मुले सांभाळणाऱ्या बायकांना, त्यांच्याकडच्या गरीब मुलांसाठी राज्य अनुदान देते एवढ्या कारणावरून, सरकारी कर्मचारी ठरवले गेले होते. त्यांची युनियन असावी का, यावर टपालाने झालेल्या मतदानात सुमारे ४०,००० पैकी जेमतेम ६,००० जणांनी भाग घेतला आणि सगळ्यांच्या अनुदानातून युनियनची वर्गणी कापली जाऊ लागली. आपण युनियनमध्ये आहोत हे कित्येकींना कपात दिसल्यावर कळले. न्यायालयाने खटला दाखल करून घेतला नाही; पण २०११ मध्ये राज्याच्या मानवसेवा खात्याने ही कपात स्वतःहून बंद केली. संस्थेच्या बाजूने सांगता येण्याजोगे हे सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

करोनाकाळातला खटला त्याहून मोठा. राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या, त्याविरुद्ध पश्चिम मिशिगनमधील वैद्यकीय संस्थांची बाजू मॅकिनॉच्या वकिलांनी मांडली. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्या १९४५ च्या कायद्याखाली आदेश निघत होते तो कायदाच ४ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवला.

टीका मुख्यतः पैशाबाबत आहे. संस्था करमुक्त असून देणगीदारांची नावे जाहीर करत नाही. डाऊ आणि डीव्हॉस या मिशिगनमधल्या धनाढ्य कुटुंबांशी निगडित प्रतिष्ठानांच्या देणग्या त्या प्रतिष्ठानांच्याच विवरणपत्रांतून कळतात. देणगीदारांना त्रास होऊ नये, हे संस्थेचे उत्तर. मात्र याच संस्थेने मार्च २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली तीन सरकारी विद्यापीठांतल्या कामगार-अभ्यास विभागांचे ईमेल मागवले होते. कायद्याने ते योग्यच होते. तरीही दुसऱ्याचा पत्रव्यवहार उघडा मागणाऱ्याने आपले देणगीदार झाकून ठेवावेत, हे पटत नाही.

सर्वांत गाजलेला विषय ‘राइट टू वर्क’ कायद्याचा. याचा रोजगार हमीशी संबंध नाही. युनियनला पैसे दिले नाहीत म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. संस्था ही मागणी १९९० च्या दशकापासून मांडत होती, तेव्हा रिपब्लिकन राज्यपालही तिला हात लावत नसत. नोव्हेंबर २०१२ मध्ये युनियननी सामूहिक वाटाघाटीचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आणला आणि तो पडला. पुढच्याच महिन्यात, राज्याची राजधानी लॅन्सिंगमध्ये विधानभवनाबाहेर हजारो कामगार निदर्शने करत असताना, ११ डिसेंबरला राज्यपाल रिक स्नायडर यांनी कायद्यावर सही केली. २०२२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने जवळपास ४० वर्षांनी राज्यपालपद आणि दोन्ही सभागृहे एकत्र मिळवली. २४ मार्च २०२३ रोजी व्हिटमर यांनी तो कायदा रद्द करण्यावर सही केली आणि फेब्रुवारी २०२४ पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना तो लागू राहिला नाही. सरकारी नोकरांच्या बाबतीत मात्र काही बदलले नाही, कारण जेनस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच अशी सक्तीची वर्गणी देशभर घटनाबाह्य ठरवली होती.