आधी तुंबलं, मग मोजलं

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे शनिवारवाड्यापासून दगडूशेठपर्यंत असेल तेवढं. एवढ्याशा वाटेवर डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीवरचा उपाय १९८८ मध्ये मांडला. पण तारेतून नेमकं काय जातंय ते दिसल्याशिवाय असल्या दुखण्याचं मूळ सापडत नाही. जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी त्याच प्रयोगशाळेत टीसीपीडंप, म्हणजे तारेतून जाणारी पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) दाखवणारं साधन, लिहिलं, ते याच सुमारास.

खरी कमाल मात्र त्याच्या पोटातल्या गाळणीची. तेव्हाच्या सनओएसमध्ये (सन कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम) नको असलेल्या पॅकेटचीही आधी प्रत निघायची, मग ते टाकून दिलं जायचं. मॅककॅन आणि जेकबसन यांच्या बीपीएफ या गाळणीने (शोधनिबंध १९९३चा) क्रम उलटा केला: ‘पोर्ट ४४३’ (एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद वेबचा दरवाजा) एवढं लिहिलं की त्याचा छोटासा प्रोग्रॅम बनतो, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतो आणि प्रत काढण्याआधीच निवड करतो. २०१४ पासून लिनक्समध्ये वाढत गेलेलं ईबीपीएफ हा याच कल्पनेचा विस्तार.

पुण्यातल्या घरांत ही मोजामोजी शिरली ती निराळ्याच कारणाने. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. स्वस्त प्लॅनला महिन्याची डेटा-मर्यादा, आणि काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ सगळं मोफत! मग सदाशिव पेठ काय नि कोथरूड काय, लिनक्सची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची प्रत) उतरवायला दोनचा गजर लागायचा. अशांना व्हीएनस्टॅट सोयीचं. ते पॅकेट उघडून बघत नाही, कर्नलने ठेवलेले आकडे वाचतं आणि तासाचा, दिवसाचा, महिन्याचा हिशेब लिहून ठेवतं. जुन्या मशिनवरही त्याचा भार जाणवत नाही. कोणत्या पत्त्याशी किती देवाणघेवाण चाललीय ते आयएफटॉप सांगतं, आणि कुठला प्रोग्रॅम डेटा खातोय ते नेटहॉग्ज.

हिंजवडीत रात्रपाळीला ‘सर्व्हर लागत नाही’ असा फोन आला, की अजूनही हात टीसीपीडंपकडेच जातो. त्याने दाखवलेल्या ओळीत चौकटी कंसात ‘एस’ म्हणजे जोडणीची विनंती. ‘एस’पुढे टिंब आलं तर समोरच्याने होकार दिला. नुसतेच ‘एस’ एकाखाली एक येत राहिले, तर आधी फायरवॉल तपासायची. एचटीटीपीएसमुळे आतला मजकूर आता वाचता येत नाही, पण या तपासाला तो लागतही नाही.