दुपारी मरणारं पेडल

कुडाळ-मालवणकडच्या बँजो पार्ट्यांत आता इलेक्ट्रिक गिटारही शिरली आहे आणि गिटारमागोमाग तिची पेडलं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे डबे. अशाच एका पार्टीतल्या मुलाची तक्रार कानावर आली, “ह्यां पेडल दुपारी मरता नि राती जित्तां होता.” हळदीच्या रात्री ठणठणीत वाजलेलं पेडल मे महिन्याच्या उन्हात, ऐन वरातीत घरघरायला लागलं, सूर तुटक येऊ लागले आणि मग सगळंच गप्प. कुणीतरी दृष्ट लागली म्हणून मिक्सरला लिंबू-मिरची बांधली. उन्हं उतरल्यावर पेडल पुन्हा वाजू लागलं आणि श्रेय अर्थातच लिंबाला गेलं.

पेडल कुठलं, एवढंच मी विचारलं. जर्मेनियमचं फझ, असं उत्तर आलं. लिंबू तिथेच सुटलं.

फझ पेडल करतं ते काम तसं अडाणी आहे. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागातून, येणारा इवलासा विजेचा सिग्नल ते इतका वाढवतं की तो ९ व्होल्टच्या बॅटरीत मावत नाही. मग लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि शाळेत पाहिलेली गोलाईची लहर चौकोनी होऊ लागते. चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूरही असतात. गिटारची ११० हर्ट्झची तार छेडली की ३३०, ५५०, ७७० हर्ट्झही ऐकू येतात. वरची आणि खालची बाजू कमीजास्त कापली गेली तर दुप्पट, चौपट कंपनांचे सूरही त्यात मिसळतात. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की एका तारेतून सुरांचा गुच्छ उमटतो, तसंच हे. फक्त इथे दोऱ्याचं काम ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा इवलासा भाग, करतो आणि ते बरंच दांडगाईने करतो.

याची सुरुवात बिघाडातून झाली. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि बास गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज १९६१ साली लोकांना आवडून गेला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने मग तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आलं. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि जेमतेम ३ व्होल्ट. आवाज पातळ, चरचरीत, काहीसा पितळी. हे पेडल लावून गिटारमधून तुतारीसारखी वाद्यं वाजवता येतील अशी जाहिरात होती. तसं काही झालं नाही.

१९६६ मध्ये लंडनहून आलेलं ‘फझ फेस’ म्हणजे गोल डब्यात अवघे दोन ट्रान्झिस्टर. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली होतं ते हेच. आवाज जाड, लोकरीसारखा मऊ, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की चक्क स्वच्छ होणारा. न्यूयॉर्कचं ‘बिग मफ’ सर्वस्वी वेगळं. त्यात चार ट्रान्झिस्टर, लहर डायोडनी, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांनी, दोनदा कापली जाते, सूर लांबच लांब टिकतो. पण त्याचं टोन सर्किट १००० हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा खाली दाबतं. घरी एकट्याने वाजवताना आवाज भव्य वाटतो. ढोल, ताशा आणि बँजोच्या गर्दीत मात्र गिटार नेमकी त्याच मधल्या पट्ट्यामुळे ऐकू येत असते. त्यामुळे वरातीत बिग मफवाला हात चालवताना दिसतो, ऐकू येत नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे जर्मेनियम. ट्रान्झिस्टर ज्यापासून बनतात त्या सिलिकॉन, जर्मेनियमसारख्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला बांधलेल्या जागेवरून सुटायला ठरावीक ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जर्मेनियममध्ये फक्त ०.६७. फरक किरकोळ वाटेल, पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या या ऊर्जेवर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. नेहमीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये असे सुमारे १०^१० इलेक्ट्रॉन मोकळे असतात, जर्मेनियममध्ये सुमारे २×१०^१३. म्हणजे दोन हजार पट. म्हणूनच जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळत राहतो, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की ही गळती दुप्पट होते.

फझ फेसच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला बॅटरीतून प्रवाह मिळतो तो ३३ किलो-ओहमच्या रोधातून. ९ व्होल्ट भागिले ३३ किलो-ओहम म्हणजे २७० मायक्रोअँपिअरच्या आसपास. या वाटेने याहून जास्त प्रवाह येऊच शकत नाही. समजा, २५ अंशांना ट्रान्झिस्टरची गळती १०० मायक्रोअँपिअर आहे. उरलेले दीडशे-पावणेदोनशे गिटारच्या सिग्नलच्या ताब्यात, पेडल छान वाजतं. ३५ अंशांना गळती २०० होते आणि सिग्नलच्या हाती थोडंच उरतं. ४० अंशांना गळती २८० वर जायला बघते, म्हणजे सगळा प्रवाह गळतीनेच खाल्ला. सर्किटमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडून पहिल्याच्या बेसकडे (त्याला ताब्यात ठेवणाऱ्या पायाकडे) येणारी सावरण्याची वाट आहे, पण ती बेसचा प्रवाह फार तर शून्यावर आणू शकते, गळती थोपवू शकत नाही. पहिला ट्रान्झिस्टर पूर्ण चालू अवस्थेत अडकतो, दुसऱ्याच्या बेसला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही आणि तो बंद पडतो. आधी हळू सूर गळतात, मग फक्त जोरात मारलेले आघात तुटक-तुटक येतात, मग काहीच नाही. कोकणात मे महिन्यात सावलीतच पारा ३२-३३ पर्यंत जातो. टेम्पोवर उन्हात ठेवलेला धातूचा डबा ४५ ओलांडायला कितीसा वेळ?

सिलिकॉनचं फझ फेस उन्हाला भीत नाही. ते जास्त कर्कश वाजतं हे खरं, पण त्यामागे गूढ काही नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सिग्नल जास्त पटींनी वाढवतो आणि त्याची अंतर्गत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी असल्याने वरचे सूर कापले जात नाहीत. एक छोटा कपॅसिटर बाहेरून जोडला की धार बरीच बोथट होते. ‘जुन्या जर्मेनियमचा आत्मा’ वगैरे म्हणत एकेका ट्रान्झिस्टरला अवाच्या सवा भाव लावणाऱ्यांत आणि लिंबू बांधणाऱ्यांत मला फारसा फरक दिसत नाही. तसं म्हटलं तर लिंबू स्वस्त.

बॅटरी बदलली की फझचा आवाज बदलतो, हा समज मात्र निव्वळ थाप नाही. साधी झिंक-कार्बन बॅटरी उतरत जाते तसा तिचा दाब कमी होतो, अंतर्गत रोध वाढतो आणि आवाज बदलतो. कारण व्होल्टचं आहे, वेष्टनावरच्या नावाचं नाही.

कोकणातल्या माळ्यावर पडलेल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर सापडू शकतो. फझला तोही चालतो. मात्र आधी तपासून घ्या. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. हा पीएनपी जातीचा, म्हणजे धन-ऋण टोकं उलटी जोडायचा, म्हणून एमिटर ९ व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला जोडा, कलेक्टर २.२ किलो-ओहमच्या रोधातून ऋण टोकाला, बेस मोकळा ठेवा. रोधाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा म्हणजे साधारण १०० मायक्रोअँपिअर गळती. आता ट्रान्झिस्टरची धातूची टोपी दोन बोटांत धरा आणि बघत राहा, नुसत्या बोटांच्या उबेने आकडा चढू लागतो. सोडली की उतरतो. न धरताच आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर असेल, तर तो ट्रान्झिस्टर रेडिओतच राहू द्या, निदान रत्नागिरी आकाशवाणी तरी ऐकता येईल.