खांब गावदुम का निघाला?

मिरजेच्या तंबोऱ्याची खुंटी गावदुमच, म्हणजे एका टोकाकडे निमुळती लागते, तरच ती भोकात घट्ट बसते. देव्हाऱ्याचा खांब मात्र दोन्ही टोकांना सारखा हवा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये 600 मिमी लांबीचा सागवानी खांब राउटर मशीनच्या नव्या रोटरीवरून (लाकूड धरून फिरवणाऱ्या जोडणीवरून) उतरवला आणि मी व्हर्निअर लावला. चककडे, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या जबड्याकडे 50 मिमी; टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे 51.2. "दादा, लाकूडच वाकडं असणार," ऑपरेटर म्हणाला. लाकडाचा काही दोष नव्हता.

लेथवर जॉब (कापायचा तुकडा) गरागरा फिरतो, हत्यार फिरत नाही. राउटरच्या रोटरीवर कटर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि जॉब अंशाअंशाने वळतो. जॉबचा अक्ष स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या भागाच्या) धावेला समांतर आहे, असं मशीन धरूनच चालतं. टेलस्टॉकचा सेंटर (जॉबच्या टोकात रुतणारा टोकदार भाग) 0.6 मिमी खाली बसला, तर तिथे कटर अक्षापासून तेवढाच लांब राहतो. जॉब पुरता फिरत असल्याने हा फरक दोन्ही अंगांनी धरला जातो आणि व्यास 1.2 मिमीने वाढतो.

अक्ष बाजूला सरकला तर एवढा त्रास होत नाही. कारण पायथागोरसच्या प्रमेयात आहे. 20 मिमी त्रिज्येवर कटरचं टोक अर्धा मिमी बाजूला असेल, तर खरी त्रिज्या म्हणजे 20 आणि 0.5 बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण: 20.006. लाकडात हा फरक कुणाला दिसणार? पण त्याच सेटिंगवर टोकदार कटरने कळसाचं निमुळतं टोक काढायला गेलात, तर मध्यावर 1 मिमी जाडीची काडी उरते, कारण कटर अक्षापर्यंत पोचतच नाही. म्हणून साध्या खांबाला मी आधी उंची बघतो. कळस असेल तर दोन्ही.

तपासणीसाठी स्पिंडल बंद करून चकमध्ये ग्राइंड केलेला सरळ रॉड धरायचा आणि स्पिंडलच्या अंगाला डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं साधन) लावायचा. गेज रॉडच्या माथ्यावर, चकजवळ टेकवून चक सावकाश एक फेरा फिरवा. काटा हलला की बरेच जण लगेच रोटरीचे बोल्ट ढिले करतात, आणि इथेच गफलत होते. फिरवताना काटा हलतो तो रॉड चकमध्ये आउट, म्हणजे मध्यापासून सरकून धरला गेल्यामुळे. रोटरी तिरकी बसली आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान रीडिंग घेऊन मधला आकडा लिहून ठेवा. गेज 200 मिमी पुढे नेऊन पुन्हा तेच करा. दोन मधल्या आकड्यांतला फरक हा खरा तिरकेपणा. माथ्यावर घेतला तर उंचीचा, रॉडच्या कुशीला घेतला तर बाजूचा. 200 मिमीत 0.05 म्हणजे 600 मिमीत 0.15, आणि व्यासात 0.3.

चक सरळ झाल्याशिवाय टेलस्टॉकला हात लावू नये. दोघांचे अक्ष जुळले नाहीत, तर घट्ट धरलेला जॉब फिरताना वाकत राहतो, लाकडातलं सेंटरचं भोक मोठं होतं आणि मग खरखर सुरू होते.

अंशांचा हिशेबही एकदा बघून घ्यावा. चकवर पेन्सिलची खूण करून 3600 अंशांची कमांड द्यायची. एका फेऱ्यात न जाणवणारी चूक दहा फेऱ्यांत दसपट होऊन दिसते. आमची खूण जागेवर परतली.

आमचा चक सरळच होता. टेलस्टॉकखाली 0.6 मिमीची पितळी शिम (पातळ पट्टी) सारली, बोल्ट आवळून पुन्हा डायल लावला आणि दुसरा खांब चढवला. ऑपरेटरने या वेळी व्हर्निअर स्वतःच हातात घेतला. चककडे 50, टेलस्टॉककडे 50.1.