पुनर्वसित गावठाण (सातारा–सांगली)

धरण किंवा अभयारण्यासाठी उठवलेल्या गावातील कुटुंबांना दुसऱ्या गावाच्या हद्दीत भूखंड पाडून वसवलेली वस्ती. रोजच्या बोलण्यात ‘वसाहत’. ज्या गावाच्या हद्दीत ती आली तिथल्या गावकऱ्यांच्या तोंडी ‘धरणग्रस्त’. हा शब्द माणसांनाही लागतो, वस्तीलाही.

सातारा आणि सांगलीत अशी वसाहत बहुधा शिवेवर असते. जमीन येते ती गायरानातून, नाही तर लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागातल्या, शेतकऱ्यांच्या कमाल मर्यादेवरील जमिनीतून, म्हणजे स्थानिक भाषेत ‘स्लॅब’मधून. गावालगतचे चांगले रान कोणी सुखासुखी सोडत नाही. हातात पडतो तो कडेचा, पाण्यापासून लांबचा तुकडा. मग स्मशान कोणाचे, ओढ्यावर जनावरे कोणी न्यायची, गायरानात चराईचा हक्क कोणाचा, ही भांडणे वर्षानुवर्षे चालतात. ज्याची जमीन स्लॅबमध्ये गेली तो आणि ज्याला ती मिळाली तो, दोघे शेजारीच नांगर धरतात. शासनाने दोघांनाही दुखावलेले असते, पण राग काढायला समोर शेजारीच सापडतो.

पहिली मोठी लाट कोयनेची. १९५०च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातील खोऱ्यांतली गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. कुटुंबे सातारा–सांगलीत, सोलापूरकडे आणि घाटाखाली ठाणे, रायगड, रत्नागिरीपर्यंत पांगली. कांदाटी खोऱ्यातील काही गावे पाण्याच्या पलीकडेच राहिली. बामणोली-तापोळ्याहून लाँच हाच त्यांचा रस्ता झाला. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली, पुढे १९८६ आणि १९९९मध्ये नवे कायदे झाले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा धरणग्रस्तांच्या मोर्चांतून रुजली. या लढ्यांत वाळवा तालुक्यातील कासेगावचे कार्यकर्ते भारत पाटणकर आणि त्यांची संघटना श्रमिक मुक्ती दल यांचा मोठा वाटा आहे.

वारणेच्या खोऱ्यात प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. चांदोली धरणापाठोपाठ १९८५ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले, पुढे ते राष्ट्रीय उद्यान आणि २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. पाण्याने एक गाव उठले, जंगलाने दुसरे. त्यात वारणा नदी ही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द. गाव अलीकडचे आणि मिळालेली जमीन पलीकडची असली की कागदपत्रे दोन जिल्ह्यांत विभागतात. खातेदाराची किती जमीन गेली, किती मिळाली, किती येणे आहे, हे ज्या संकलन रजिस्टरमध्ये लिहिलेले असते त्यातल्या एका ओळीसाठी माणसे दोन्हीकडचे उंबरे झिजवतात. मिळालेली जमीन वर्ग २ची, म्हणजे सरकारी बंधने असलेली, असल्याने विकायची तर परवानगी लागते. पुनर्वसनासाठी राखीव म्हणून सातबाऱ्यावर शेरा पडलेल्या मूळ शेतकऱ्याचेही व्यवहार अडतात.

शेतीचा बदल सर्वांत अवघड. वरच्या भागात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. डोंगरउतारावर नाचणी, वरी, खाचरात भात. उरमोडीसारख्या धरणांच्या काही कुटुंबांना जमीन मिळाली ती माण-खटावकडे, जिथे पावसाची सरासरी पाचशेच्या आसपास. ज्वारीची पेर, विहिरीची पाळी, कारखान्याकडे उसाची नोंद, हे सगळे नव्याने शिकावे लागले. शिकलेही लोक, पण पहिली काही वर्षे अनेक घरांत मुंबईच्या मनिऑर्डरीवरच चूल पेटली. माथाडी कामगारांत सातारकरांची संख्या मोठी आहे, त्यात या खोऱ्यांतली माणसे बरीच.

वसाहत ओळखायला फार वेळ लागत नाही. गल्ल्या आखल्यासारख्या सरळ, भूखंडांना क्रमांक, झाडे सगळी एका वयाची. जुन्या गावठाणाला असते तशी वळणे, बोळ, पार इथे नाहीत. घरे मात्र नीट पाहावीत. उठताना लोकांनी वासे, तुळया, दारे उतरवून ट्रकमध्ये भरून आणली, आणि तीच नंतर विटा-सिमेंटच्या घरांत बसवली. उंच भिंतीत बुटकी सागवानी चौकट दिसते. नवा दरवाजा करायला पैसे आले तरी म्हातारी ती काढू देत नाही. चौकटीची उंची विसरून पाहुण्यांचे डोके आपटते; घरचे वाकूनच आत जातात.

देवही असेच हलवले. ग्रामदैवताचे टाक (धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा) किंवा तांदळा (देव म्हणून पुजलेला अनघड दगड) आणून वसाहतीत छोटे देऊळ बांधतात, यात्रा नव्या ठिकाणी भरवतात. तरी मूळ स्थानाची ओढ सुटत नाही. कोयनेचे पाणी उन्हाळ्यात उतरले की जुनी जोती उघडी पडतात, लोक पोरांना घेऊन दाखवायला जातात. चांदोलीकडच्यांना आपल्या देवाच्या यात्रेसाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते. लग्नपत्रिकेत नावाखाली दोन ओळी छापतात: मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम तमुक. चाळीस वर्षे झाली तरी ‘हल्ली’ तसेच आहे.