खुबा बदलल्यावर सांधा का सटकतो, थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडं कोल्हापुरात कुणाचा खुबा बदलून बसवलेला सांधा सटकला की लगेच म्हणतात, मांडी घालून बसले असणार, पथ्य पाळलं नसणार. निम्मं खरं आहे ते. पण कुणाचा सटकतो आणि कुणाचा नाही हे डॉक्टरांनाही सरळ कधी सापडलं नाही.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन रुळलं तेव्हा मांडीच्या हाडावर बसवायचा बॉल जेमतेम २२ मिलिमीटरचा, तो ज्यात फिरतो तो कंबरेच्या हाडातला प्लास्टिकचा कप कमी झिजावा म्हणून. पण बॉल लहान तर बाहेर पडायला वेळ लागत नाही.

मग १९७८ ला अमेरिकेतून एक पेपर आला, कपचा कल ४० अंश आणि पुढचं वळण १५ अंश, दोन्हीकडं दहा इकडं तिकडं चालेल, ही झाली सेफ झोन. आत १.५ टक्के सटकले, बाहेर ६.१. ऐकायला भारी, पण ऑपरेशनं ३०० आणि सटकलेले सांधे फक्त ९! एवढ्यावर पुढची पिढीच्या पिढी कप बसवत राहिली, सांधा निखळला की आधी कपचा अँगल मोजायचा. २०१६ च्या सुमाराला खूप जास्त पेशंटांचे सांधे तपासून बघितलं तर निखळलेल्यांपैकी ५८ टक्के कप झोनच्या आतच होते. मला वाटतं तिथंच ४०-१५ चा तो आकडा सोडायला हवा होता, पण अजून सांगतातच.

गोम कंबरेत आहे. आपण बसतो तेव्हा पेल्व्हिस, म्हणजे ज्यात कप असतो ते कंबरेचं हाड, मागं कलतं आणि कप पुढून उघडतो, मांडीच्या हाडाला वाकायला जागा मिळते. मणक्यात स्क्रू-रॉड घातलेत किंवा कंबर आखडलीय तर ते कलतच नाही, मग खाली वाकलं की मांडीच्या हाडात ठोकलेल्या दांड्याची मान (बॉलच्या खालचा भाग) कपच्या पुढच्या कडेला अडकते आणि बॉल मागून उचकटून बाहेर. तालमीतले जुने पैलवान असोत की उसाच्या रानात राबलेले, आखडलेल्या कंबरा आपल्याकडं काय कमी नाहीत, त्यात सवय उकिडवं बसायची.

सटकायचा धोका वाढवणारं बाकी म्हणजे पार्किन्सन, विसरभोळेपणाचा आजार, दारू, मोडलेल्या खुब्यासाठी केलेलं ऑपरेशन, आणि दुसऱ्यांदा केलेलं तर सगळ्यात वाईट. मागून चीर घेतली तर धोका जास्त, पण कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) आणि स्नायू परत नीट शिवले की बराच उतरतो.

नव्वदच्या शेवटी कमी झिजणारं प्लास्टिक आलं म्हणून ३२, ३६ मिलिमीटरचे, सहज न सटकणारे बॉल बसवता आले. मेटलवर मेटलचे मोठे बॉल मात्र अंगाशी आले, २०१० मध्ये एक मॉडेल जगभरातून परत मागवलं. आता ज्याची कंबर आखडलीय त्याचा बसवून बाजूनं एक्स-रे काढतात, आणि बॉलवर बॉल असा डबल फिरणारा कप घालतात. तो फ्रान्समध्ये सत्तरच्या दशकातच निघाला होता.