अंतर किती, एवढंच विचारा

१ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारताच्या अधिकृत घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाले आणि पुढच्या ठोक्याला साडेपाच वाजले नाहीत. मध्ये ५:२९:६० असा एक जादा सेकंद घातला गेला. हा लीप सेकंद जगभर एकाच क्षणी घातला गेला. लंडनमध्ये तेव्हा मध्यरात्र होत होती, आपल्याकडे उजाडायला थोडा वेळ होता.

त्यामागे गणितातली एक असमानता, म्हणजे लहान-मोठेपणा सांगणारी ओळ, आहे. अणुघड्याळांवर चालणारी जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, अत्यंत एकसारख्या गतीने पुढे सरकते. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावरून मोजलेली वेळ, म्हणजे यूटी१, तशी नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं फिरणं दीर्घकाळात मंदावतं, आणि मधल्या काळात तिच्या पोटातल्या व वातावरणातल्या घडामोडींमुळे ते थोडं कमी-जास्तही होतं. या दोन वेळांनी एकमेकींपासून फार लांब जाऊ नये म्हणून ठरलेला नियम असा:

|यूटी१ − यूटीसी| ≤ ०.९ सेकंद

या दोन उभ्या रेघा म्हणजे केवलमूल्य. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना ते नववीत, वास्तव संख्यांच्या प्रकरणात भेटतं. बहुतेकांच्या डोक्यात मात्र त्याची एकच ओळख उरते: ‘उणे चिन्ह काढून टाकायचं.’ ही ओळख चुकीची नाही, पण फार तोकडी आहे. |−७| चं उत्तर ७ लिहिण्यापुरती ती चालते. रेघांच्या आत क्ष आला की कोलमडते, कारण क्ष धन आहे की ऋण हेच आपल्याला माहीत नसतं. मग चिन्ह काढायचं कशाचं?

त्यापेक्षा |अ − ब| म्हणजे संख्यारेषेवर अ आणि ब यांच्यातलं अंतर, असं वाचावं. पुण्याहून साताऱ्याला जितके किलोमीटर, तितकेच साताऱ्याहून पुण्याला. म्हणूनच |अ − ब| आणि |ब − अ| सारखेच. नुसतं |क्ष| म्हणजे क्ष चं शून्यापासूनचं अंतर.

वरच्या नियमातल्या रेघा पुसून पाहा. उरेल ‘यूटी१ − यूटीसी ≤ ०.९’. आता पृथ्वी २७ सेकंद मागे पडली तरी वजाबाकी −२७ येईल, आणि −२७ हे ०.९ पेक्षा लहानच असल्यामुळे नियम पाळला गेला असंच म्हणावं लागेल. १९७२ पासून आजवर घातलेले सगळेच्या सगळे २७ लीप सेकंद अनावश्यक ठरले असते! रेघा आहेत म्हणून नियम दोन्ही बाजूंना पहारा देतो. एक सेकंद कमी करण्याचीही तरतूद त्यात आहे. ती वापरण्याची वेळ मात्र अजून आलेली नाही. २०२२ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही ०.९ ची मर्यादा वाढवायची. म्हणजे असमानतेचा सांगाडा तोच राहणार, उजवीकडचा आकडा तेवढा मोठा होणार.

अंतराचं हे वाचन हाती असलं की शाळेतलं गणित जवळजवळ तोंडी सुटतं. |क्ष − ३| < ५ याचा अर्थ: ३ पासून ५ पेक्षा कमी अंतरावरच्या सगळ्या संख्या. ३ वर बोट ठेवा, डावीकडे ५ गेलात की −२, उजवीकडे ५ गेलात की ८. उत्तर −२ < क्ष < ८. चिन्ह उलटं करून |क्ष − ३| > ५ घेतलं तर ३ पासून लांबच्या संख्या हव्यात, आणि लांब जायला दोन दिशा आहेत. म्हणून क्ष < −२ किंवा क्ष > ८.

इथला ‘किंवा’ महत्त्वाचा. हे उत्तर ‘८ < क्ष < −२’ असं एका ओळीत लिहिण्याची चूक सर्रास होते. ८ पेक्षा मोठी आणि त्याच वेळी −२ पेक्षा लहान अशी संख्या कुठून आणणार? ‘लहान असेल तर आणि, मोठं असेल तर किंवा’ हा नियम घोकायला लावतात त्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की संख्यारेषेचं चित्र काढलं तर तो घोकावाच लागत नाही.

क्रिकेटच्या नियमांत पुरुषांच्या सामन्यासाठी नव्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असावं असं म्हटलं आहे. ही पट्टी केवलमूल्यात लिहायची तर तिचा मध्य आणि अर्धी रुंदी काढायची. मध्य १५९.४५, अर्धी रुंदी ३.५५, म्हणजे वजनाला ‘व’ म्हटलं तर |व − १५९.४५| ≤ ३.५५. बाद ठरणारे चेंडू दोन तऱ्हांचे, फार हलके किंवा फार जड. एकच चेंडू दोन्ही असूच शकत नाही.

क्ष ला सहगुणक असला तर तो आधी बाहेर काढावा. |२क्ष − ७| ≤ ९ मध्ये २ बाहेर काढून दोन्ही बाजूंना भागलं की |क्ष − ३.५| ≤ ४.५ मिळतं, आणि उत्तर −१ ≤ क्ष ≤ ८. उजवीकडे ऋण संख्या दिसली तर पेन खाली ठेवायचं: |क्ष| < −४ ला उत्तरच नाही, कारण अंतर ऋण नसतं. |क्ष| > −४ ला मात्र प्रत्येक संख्या चालते.

अंतराची खरी गंमत दोन केवलमूल्यं एकत्र आली की कळते. |क्ष − २| < |क्ष − ८| हे नेहमीच्या पद्धतीने सोडवायला तीन भाग पाडावे लागतात. पण ते वाचा: ‘क्ष हा ८ पेक्षा २ च्या जवळ आहे.’ मध्य ५, म्हणून क्ष < ५. संपलं. तसंच |क्ष − २| + |क्ष − ७| ≤ ९. २ आणि ७ यांच्या मध्ये कुठेही उभे राहा, दोघांपासूनच्या अंतरांची बेरीज ५ च भरते. बाहेर पडलात की प्रत्येक पावलाला ती २ ने वाढते. आपल्याला ९ पर्यंत मुभा आहे, म्हणजे ४ जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलं. उत्तर ० ≤ क्ष ≤ ९. उजवीकडे ९ ऐवजी ४ असता तर एकही संख्या बसली नसती.

या उभ्या रेघा आपल्याकडे आल्या जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रास यांच्याकडून. १८४१ च्या त्यांच्या लेखनात त्या दिसतात. < आणि > ही चिन्हं बरीच जुनी, इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापलेल्या पुस्तकातली. सीमेची, म्हणजे ‘लिमिट’ची, काटेकोर व्याख्या वायरस्ट्रास यांनी रुजवली, आणि आज महाविद्यालयात ती शिकताना जी |क्ष − अ| < δ अशी ओळ समोर येते, ती म्हणजे ‘क्ष हा अ च्या जवळ आहे’ हेच वाक्य, फक्त किती जवळ ते δ (डेल्टा) ने सांगून.

मात्र उजव्या बाजूलाही क्ष असेल तर चित्रावर विसंबता येत नाही, कारण अंतराची मर्यादाच क्ष बरोबर सरकत असते. उदाहरणार्थ |क्ष − ६| < २क्ष. इथे अनेक जण दोन्ही बाजूंचा वर्ग करतात. त्यातून (क्ष + ६)(क्ष − २) > ० मिळतं आणि उत्तर येतं क्ष < −६ किंवा क्ष > २. पहिला तुकडा खोटा आहे. क्ष = −१० टाकून पाहा: डावीकडे १६, उजवीकडे −२०. वर्ग करताना −२० चे ४०० झाले आणि उणे चिन्ह गुपचूप नाहीसं झालं. असमानतेचा वर्ग दोन्हींपैकी एकही बाजू ऋण नसेल तेव्हाच करता येतो. इथे उजवी बाजू ऋण असेल तर उत्तर असणंच शक्य नाही, म्हणून क्ष > ० ही अट आधी लिहायची. मग −६ च्या पलीकडचा तुकडा आपोआप गळतो आणि उरतं फक्त क्ष > २.